घांस घशांत अडकतो तेव्हां

मूर्तिजापुराकडील एका भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांच्या सासऱ्यांस चार महिन्यांपूर्वीं अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. हातापायांत बरीच शक्ति परत आली, बोलणेंहि पुष्कळसें सुधारलें. परंतु पाणी पितांना हटकून ठसका लागतो, जेवणास तास-तास लागतो, आणि सदरा अंगावर लोंबूं लागला आहे. सासूबाई म्हणतात, "कोणी तरी आठवण काढीत असेल." नणंदबाई म्हणतात, "भात नीट शिजत नाहीं." डॉक्टरांकडे दोनदां जाणें झालें, पण तेथें रक्तदाबाची चौकशी झाली, ठसक्याची गोष्ट काढण्याचें कोणास सुचलें नाहीं. ह्या भगिनीचा प्रश्न एवढाच आहे कीं, "दोष माझ्या स्वयंपाकाचा आहे काय?"

नाहीं, दोष स्वयंपाकाचा नाहीं. दोष गिळण्याच्या क्रियेंत आहे, आणि त्या क्रियेस पुन्हां वळण लावण्याची एक स्वतंत्र विद्या आहे, हेंच आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित घरांस ठाऊक नाहीं. मी डॉक्टर नव्हे, वैद्यहि नव्हे. जन्मभर मुलांकडून शब्दरूपें आणि धातुरूपें घोकून घेणारा मास्तर. परंतु ह्या विषयांत औषधाचा भाग थोडा आणि शिकवणीचा भाग मोठा. रोज तेंच तें, न कंटाळतां, न रागावतां करून घ्यावयाचें असतें. म्हणून जाणकारांस विचारून आणि वाचून जें समजलें तें येथें मांडण्याचें धाडस करतों.

संस्कृतांत 'गॄ' धातूचें 'गिरति' असेंहि रूप होतें आणि 'गिलति' असेंहि. पाणिनीनें दोहोंस मान्यता दिली आहे. मराठीनें दुसरें उचलून 'गिळणें' केलें. 'गळा' हा शब्दहि त्याच कुळांतला. असो, व्याकरण एवढें पुरे. सांगावयाचें तें हें कीं, ही क्रिया दिसते तितकी साधी नाहीं. आपल्या घशांत एक चव्हाटा आहे. नाकांतून येणारी हवा त्या चव्हाट्यावरून पुढच्या बाजूस श्वासनलिकेंत उतरते. तोंडांतून येणारें अन्न तोच चव्हाटा ओलांडून मागच्या बाजूस अन्ननलिकेंत जातें. दोघांची वाट एकमेकींस छेदून जाते. म्हणून अन्न जातांना हवेची वाट क्षणभर बंद करावी लागते. आरशासमोर बसून कंठमण्यावर दोन बोटें हलकेच ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणि वर उचलला जाऊन पुन्हां खालीं येतो. तेवढ्या एका सेकंदाच्या आंत जीभ घांस मागें लोटते, टाळूचा मऊ भाग नाकाकडील दार लावतो, स्वरयंत्र वर व पुढें सरकून जिभेच्या मुळाखालीं आश्रय घेतें, त्यावरचें झांकण खालीं पडतें, स्वरतंतु मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचें तोंड उघडतें. पांच कपाल-मज्जातंतु आणि तिसांहून अधिक स्नायु ह्या कामीं लागतात. आपण दिवसांतून कित्येक शें वेळां हें करतों, झोपेंतहि करतों, आणि त्याची दखलसुद्धां घेत नाहीं.

मेंदूस झटका बसला, कंपवातानें स्नायु ताठरले, तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार झाले, स्मृतिभ्रंश वाढला, किंवा नुसतें वार्धक्य आलें, म्हणजे ह्या साखळीची एखादी कडी उशिरां हलते. अर्धांगवायूच्या पहिल्या कांहीं दिवसांत तर सुमारें निम्म्या रुग्णांस गिळण्याचा त्रास असतो. त्यांतील पुष्कळ जण थोड्या आठवड्यांत सावरतात. राहिलेल्यांचा प्रश्न उरतो, आणि तो घरावर येऊन पडतो.

आतां एक गोष्ट अशी सांगतों कीं जी ऐकून बहुतेकांस नवल वाटतें. अशा माणसास सर्वांत कठीण पदार्थ भाकरी नव्हे, पाणी होय. पाणी पातळ, वेगवान आणि निराकार. झांकण पडण्यास अर्धा क्षण उशीर झाला कीं तें चव्हाट्यावरून भलत्या वाटेस लागतें. आणि आपल्याकडे पाणी पिण्याच्या ज्या रीती आहेत त्या नेमक्या ह्या दुखण्यास वाईट आहेत. भांडें ओठांस न लावतां वरून धार सोडून पाणी पिणें ही शुचितेची खूण म्हणून लहानपणापासून आपल्या अंगवळणीं पडलेली. पण त्यांत मान मागें जाते, हनुवटी वर होते, श्वासनलिकेचें तोंड अधिक उघडें पडतें आणि धारेवर ताबा राहत नाहीं. निरोगी माणसास हें साधतें. ज्याचें गिळणें मंदावलें आहे त्यानें वरून पाणी पिणें म्हणजे विहिरीच्या कांठावर डोळे मिटून चालणें होय. तीर्थ घेतांनाहि आपण मान मागें टाकतों. आपोष्णाचें पाणी ओंजळींतून ओढून घ्यावयाचें, आणि पाठोपाठ प्राणाहुतीचीं शितें दांत न लावतां गिळावयाचीं. हा विधि ज्या वडील मंडळींनीं जन्मभर पाळला त्यांस "आतां सोडा" म्हणणें सुनेच्या जिभेवर येत नाहीं, हें मी जाणतों. परंतु धर्मशास्त्रानें आतुरास नेहमींच मोकळीक दिलेली आहे. आपोष्णाचें पाणी ओठांस लावून सोडावें, आहुतीची शितें मऊ भाताचीं, एकेक घ्यावींत, नाहीं तर नुसती भावना करावी. घरांतील कोणा वडील माणसानें किंवा उपाध्यायांनींच हें सांगितलें तर उत्तम. सुनेवर तें ओझें टाकूं नये.

उलट, आपली एक जुनी रीत ह्या कामीं फार उपयोगी आहे. ती म्हणजे मौनानें जेवणें. घांस तोंडांत असतांना बोलावयाचें म्हटलें कीं हवेची वाट उघडी ठेवावी लागते. आमच्या जठारपेठेंत संध्याकाळच्या जेवणाच्या वेळीं घराघरांतून दूरचित्रवाणीच्या मालिकांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकूं येतो. ज्या घरांत असा रुग्ण आहे त्या घरानें तेवढा अर्धा तास तरी तो बंद ठेवावा.

ओळखावें कसें? ठसका ही खूण सर्वांस माहीत आहे. पण इतरहि खुणा आहेत. घांस घेतल्यावर आवाज ओलसर, गुरगुरणारा होणें; डोळ्यांत पाणी येणें; एक घांस दोन-तीनदां गिळावा लागणें; गालांत, विशेषतः लुळ्या बाजूच्या गालांत, अन्न सांठून राहणें; पाणी नाकांतून येणें; लाळ गळणें; जेवण अर्ध्या तासाहून लांबणें; वजन घटणें; आणि वरचेवर ताप, कफ, न्युमोनिया. ह्याहून फसवी गोष्ट अशी कीं, कांहीं रुग्णांच्या घशाची संवेदनाच मंदावलेली असते. पाणी श्वासनलिकेंत उतरतें तरी ठसकाच लागत नाहीं. "आतां खोकत नाहींत, बरें वाटतें" असें घर म्हणतें, आणि महिन्याभरांत माणूस छातींतील सूज घेऊन रुग्णालयांत जातो. म्हणून जेवणानंतर "आऽ" म्हणावयास लावून आवाज ऐकण्याची संवय करावी. ज्या घरांत रोज रियाज ऐकलेला आहे त्यांस तर बिघडलेला स्वर चटकन् कळेल.

वडील माणसें हें लपवितात, ही मोठी अडचण आहे. पंगतींत ठसका लागून घांस बाहेर आला कीं लाज वाटते. मग "मला भूक नाहीं", "मी मागाहून जेवीन", "आज एकभुक्त आहें" अशा सबबी सुरू होतात. चार व्रतें नवीं निघालीं कीं समजावें, घशांत कांहीं तरी आहे. अशा माणसाचें पान वेगळ्या खोलींत नेऊं नये. त्याच्या पानावरील पदार्थ निराळे असोत, पान त्याच ओळींत असावें. फक्त त्यांचें जेवण आधीं सुरू करावें, म्हणजे सर्वांबरोबर संपतें.

बसविण्याविषयीं. आडवें करून, उशीला टेकवून कांहीं भरवूं नये. पाठ ताठ, पाय टेकलेले, मान सरळ किंवा किंचित् पुढें. पाटावर मांडी घालून ज्यास तोल सांवरतां येतो त्यानें बसावें; पण एक अंग लुळें असेल तर हात असलेली खुर्ची आणि पुढें मेज हेंच बरें. भरविणारानें उभें राहूं नये, कारण मग खाणारास मान वर करून पाहावें लागतें. समोर, डोळ्यास डोळा भिडेल असें बसावें. चमचा चहाचा, तोहि सपाट भरलेला. चमचा समोरून, खालून आणावा, जिभेच्या मध्यावर हलका दाबून काढून घ्यावा. एक घांस खालीं उतरला, कंठमणि वर जाऊन खालीं आला, तोंड रिकामें झालें, हें पाहिल्यावांचून दुसरा नको. झोपेंत असलेल्या, ग्लानींत असलेल्या माणसास कधींहि कांहीं पाजूं नये. घेरी आलेल्याच्या तोंडांत पाणी घालण्याची घाई आपल्याकडे फार होते, तिच्यापायीं माणसें दगावतात. जेवणानंतर अर्धा तास तरी बसतें ठेवावें. कवळी सैल असेल तर आधीं ती नीट करून घ्यावी.

"हनुवटी छातीकडे घेऊन गिळा," असा सल्ला पुष्कळ ठिकाणीं दिला जातो. कित्येकांस त्यानें खरोखर गुण येतो. कित्येकांस मात्र उलट त्रास होतो. एकीकडचा घसा दुबळा असेल तर मान त्या दुबळ्या बाजूस वळवून गिळल्यास अन्न चांगल्या बाजूनें उतरतें. कोणास कोणती युक्ति लागू पडेल हें तज्ज्ञानें तपासून सांगावयाचें. शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवूं नये.

आतां भगिनींच्या खास प्रांताकडे येतों. २०१३ सालीं निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनीं एकत्र येऊन अन्न आणि पेयें ह्यांच्या घट्टपणाची एक सर्वत्र चालणारी श्रेणी ठरविण्यास प्रारंभ केला. त्यांत ० पासून ७ पर्यंत आठ पायऱ्या आहेत. ० म्हणजे पाणी, ७ म्हणजे नेहमींचें जेवण. पेयाची पायरी ओळखण्याची त्यांची रीत स्वयंपाकघरांत सहज करतां येते. १० मिलिलिटरची, सुई काढलेली पिचकारी घ्यावी. तिच्या ० ते १० ह्या खुणांमधील अंतर ६१.५ मिलिमीटर असावें, कारण पिचकाऱ्यांचे आकार सारखे नसतात. टोंकाशीं बोट धरून ती १० पर्यंत भरावी, बोट काढावें आणि दहा सेकंदांनीं पुन्हां लावावें. आंत १ मिलिलिटरहून कमी उरलें तर तें पाण्यासारखें पातळ. १ ते ४ उरलें तर किंचित् दाट. ४ ते ८ उरलें तर त्याहून दाट. ८ च्या वर उरलें तर मध्यम दाट. कांहींच गळलें नाहीं तर अतिदाट, चमच्यानेंच खाण्याजोगें. डॉक्टर "दाट पेय द्या" एवढेंच म्हणून जातात. किती दाट, हें आपण विचारून घ्यावें आणि पिचकारीनें ताडून पाहावें.

आमच्या वऱ्हाडी स्वयंपाकांत ह्या श्रेणीस लागणारें पुष्कळ आहे. ज्वारीची आंबील, तांदळाची गाळलेली पेज, नाचणीचें सत्त्व, घोटलेलें वरण, घुसळून एकजीव केलेली दाट कढी, मऊसर शिरा, गुरगुट्या भात तूप घालून मळलेला, दुध्या-भोपळ्याचें भरीत, गांठी न राहिलेलें पिठलें, पिकलें केळें कुस्करून, चक्का घोटून. खरा घोटाळा होतो तो दोन जातींच्या मिश्रणांत. पातळ ताकांत तरंगणारा भात, आमटींत बुडविलेली भाकरी, रश्शांतले पोहे, ह्यांत पाणी आधीं धांवतें आणि घन भाग मागें राहतो. दुबळा घसा एकाच वेळीं दोन्ही सांभाळूं शकत नाहीं. आपल्या संत्र्याची फोड ही त्याच जातीची. चावली कीं रस घशांत, साल तोंडांत. संत्रें द्यावयाचें तर रस काढून, गाळून, लागेल तितका दाट करून. पोळी किंवा भाकरी दुधांत कुस्करावयाची तर सारें दूध शोषलें जाऊन एक गोळा होईपर्यंत थांबावें; खालीं मोकळें दूध दिसतां कामा नये. फुटाणे, शेंगदाणे, चिवडा, कोरडी चटणी, डाळिंबाचे दाणे, अख्खीं द्राक्षें, तिळाची वडी हीं वर्ज्य. उपवासाचा साबुदाणा चिकट आणि घसरडा, दोन्ही दोष एकत्र. एकादशीस वरीच्या तांदळाची गाळलेली पेज चालते, नाहीं तर उपवासच नको.

पिठानें दाट केलेल्या पदार्थाविषयीं एक बारीक गोष्ट. उष्टा चमचा खिरींत राहिला कीं खिरीस पाणी सुटतें, हें कोणत्याहि गृहिणीस ठाऊक आहे. लाळेंतील पाचक द्रव पिठूळ घट्टपणा मोडतो, हें त्याचें कारण. म्हणजे चमचा पुन्हां पुन्हां त्याच वाटींत बुडविला तर शेवटचे घांस पहिल्यांहून पातळ होतात. थोडें थोडें वेगळ्या वाटींत काढून घ्यावें. औषधाच्या दुकानांतून मिळणाऱ्या कांहीं डिंकासारख्या पुडींस हा दोष लागत नाहीं.

तरीहि दाट पेयांचा अतिरेक करूं नये, असें अलीकडील जाणकार बजावतात. दाट पाणी कोणास आवडत नाहीं, म्हणून माणूस पिणेंच कमी करतो. अकोल्याचा मे महिना आपण जाणतां. पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत म्हाताऱ्या शरीरांतलें पाणी आटलें तर लघवी थांबते, भ्रम होतो, मूत्रपिंडें बिघडतात. फुप्फुस वांचविण्याच्या नादांत तहानेनें मारणें नको. दिवसभरांत किती पेय पोटांत गेलें ह्याची भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नोंद ठेवावी. कांहीं रुग्णांस, तोंड अगदीं स्वच्छ करून, जेवणाच्या वेळा सोडून, थोडें साधें पाणी घोट-घोट घेण्याची मुभा तज्ज्ञ देतात. ती आपणहून घेऊं नये, पण विचारण्यास संकोच करूं नये.

तोंड स्वच्छ ठेवण्याचें महत्त्व ह्या सर्वांहून कमी नाहीं. लाळ तर चोवीस तास भलत्या वाटेस जातच असते. ती घाण असेल तर न्युमोनिया होतो, स्वच्छ असेल तर पुष्कळदां निभावतें. जपानांतील अकरा वृद्धालयांत दोन वर्षें चाललेला एक प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. जेथें परिचारिकांनीं रोज प्रत्येक जेवणानंतर वृद्धांचे दांत व तोंड साफ केलें तेथें न्युमोनिया कमी झाला. दांत नसलेल्यांतहि फायदा दिसला. तेव्हां दिवसांतून दोन-तीनदां मऊ कुंचल्यानें दांत, हिरड्या, जीभ आणि गालांच्या आंतल्या बाजू पुसून घ्याव्यात. आयुर्वेदांत गंडूष व कवल असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यांत तोंड भरून द्रव स्थिर धरावयाचा, दुसऱ्यांत तो खळखळवावयाचा. निरोग्यास ते ठीक. ज्यास पाणीच आवरत नाहीं त्याच्या तोंडांत द्रव भरून ठेवणें धोक्याचें. ओल्या फडक्यानेंच काम करावें.

व्यायाम सांगतों, पण ते रुग्णास पाहिलेल्या तज्ज्ञाच्या संमतीनेंच. पहिला जिभेचा. जिभेचें टोंक, मग मधला भाग, टाळूवर जोरानें दाबून तीन सेकंद धरावा, सोडावा, दहा वेळां. अमेरिकेंतील एका अभ्यासांत निरोगी वृद्धांनीं आठ आठवडे जिभेचे असे व्यायाम केले, तेव्हां जिभेचें बळ वाढलेलें आढळलें. दुसरा, जोर लावून गिळणें. घशांत मोठा घांस अडकला आहे अशी कल्पना करून सर्व स्नायु आवळून आवंढा गिळावा. तिसरा, कंठमणि वर गेला कीं तो तसाच दोन सेकंद वर धरून ठेवणें. हें प्रथम कोणासच साधत नाहीं, आरसा आणि बोटें ह्यांच्या साह्यानें आठवड्याभरांत साधूं लागतें. चवथा मिलवॉकी येथील डॉ. रेझा शेकर ह्यांचा, १९९७ सालीं प्रसिद्ध झालेला. उशी न घेतां उताणें निजून, खांदे न उचलतां, फक्त डोकें उचलून पायाचे आंगठे पाहावयाचे. एक मिनिट धरावें, एक मिनिट विसावा, असें तीनदां. नंतर न थांबतां तीस वेळां डोकें उचलावें आणि ठेवावें. दिवसांतून तीनदां, सहा आठवडे. मानेचे मणके झिजलेले, रक्तदाब अनावर, किंवा गळ्यास भोंक पाडलेलें, अशांनीं हा करूं नये. वृद्धांस हा जड जातो. त्यांनीं बसून हनुवटीखालीं मऊ रबरी चेंडू धरून तो दाबावा. पांचवा, जिभेचें टोंक दांतांत हलकें धरून कोरडा आवंढा गिळणें. हा फक्त कोरडाच, अन्न वा पाणी तोंडांत असतांना कधींहि नाहीं.

रोज थोडें आणि नित्य, हें सूत्र विद्यार्थ्यांस लागू तसें येथेंहि. रूपावली पाठ करून घेतांना माझा अनुभव असा कीं, रविवारीं दोन तास घोकणारा मुलगा मागें पडतो आणि रोज दहा मिनिटें म्हणणारा पुढें जातो. नातवंडांकडे हें काम सोंपवावें. आजोबांनीं जीभ टाळूस लावली कीं नातवानें आंकडे मोजावे; दोघांनाहि तें आवडतें.

तोंडच उघडत नाहीं, अशी तक्रार असेल तर ती वेगळी. आपल्याकडे पानसुपारी ही अगत्याची खूण, आणि आतां नाक्यानाक्यावर सुपारी, तंबाखू व चुना चोळून दिलेला खर्रा. सुपारीनें तोंडाच्या आंतील त्वचेखालीं दोरीसारखे ताठ पट्टे तयार होतात, तिखट लागतें, जबडा मिटत जातो. पूर्व आफ्रिकेंतील हिंदी स्त्रियांत हा विकार १९५२ सालीं श्वार्ट्झ ह्यांनीं नोंदला, आणि १९५३ मध्यें मुंबईच्या डॉ. जोशी ह्यांनीं त्याचें सविस्तर वर्णन केलें. स्वतःचीं तीन बोटें उभीं करून दांतांच्या मध्यें जातात कीं नाहीं, हें पाहावें. जात नसतील तर दंतवैद्यास दाखवावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें तंबाखूवांचूनची सुपारीहि कर्करोगजनक ठरविली आहे. महाराष्ट्रानें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. पण घरांतला अडकित्ता अजून तबकांतच आहे. श्री. शरद पवार ह्यांच्यावर २००४ सालीं मुखाच्या कर्करोगासाठीं शस्त्रक्रिया झाली व ते त्यांतून सावरले; श्री. आर. आर. पाटील २०१५ सालीं त्याच रोगानें गेले. किरणोपचार चालू असतांना घसा भाजल्यासारखा होतो आणि रुग्ण गिळणेंच सोडतो. परंतु न वापरलेला स्नायु आंखडतो, म्हणून त्या काळांतच, वेदना शमवून, थोडें तरी गिळत राहावें आणि जबड्याचे व्यायाम चालू ठेवावे, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो.

दाखवावयाचें कोणास? ह्या विद्येच्या जाणकारांस वाचोपचार-तज्ज्ञ म्हणतात. तोतरेपणाचे उपचार करणारे तेच गिळण्याचेहि करतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे ना, हें विचारावें. अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यास जोडलेलें सर्वोपचार रुग्णालय आहे. प्रथम तेथें कान-नाक-घसा विभागांत जाऊन विचारावें. मुंबईस वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून वाचा व श्रवण ह्यांचे तज्ज्ञ तयार करते, आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठीं परळचें टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. तपासण्या दोन: बेरियम मिसळलेलें अन्न गिळवून क्ष-किरणांचें चलच्चित्र घेणें, आणि नाकांतून बारीक दुर्बीण घालून घसा पाहणें. दोन्ही ऐकावयास वाटतात तितक्या त्रासदायक नाहींत.

व्यायामावर वेळ दवडूं नये असे दोन प्रसंग आहेत. तोंड वांकडें होऊन, हात लुळा पडून किंवा वाचा जाऊन गिळणें अचानक बिघडलें तर तो झटका. कांहीं झटक्यांत साडेचार तासांच्या आंत औषध दिल्यास रक्ताची गांठ विरघळवितां येते, म्हणून कांहींहि न पाजतां तडक रुग्णालय. आणि दुसरा, आधीं भाकरी, मग मऊ भात, मग पाणीहि छातींत अडकूं लागलें, वजन उतरूं लागलें, तर तो अन्ननलिकेचा रोग असूं शकतो. तेथें दुर्बिणीची तपासणी लगेच हवी. "पित्त असेल" म्हणून महिने काढूं नयेत.

घांस श्वासांत अडकला तर? माणूस खोकत असेल तोंवर खोकूं द्यावें, पाणी पाजूं नये, पाठ थोपटत गोंधळ करूं नये. खोकला निघेनासा झाला, आवाज बंद झाला, चेहरा निळा पडूं लागला, तर पुढें वांकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्यें तळहाताच्या टांचेनें पांच जोरकस तडाखे द्यावेत. न सुटल्यास पाठीमागें उभें राहून, बेंबीच्या वर मूठ ठेवून दुसऱ्या हातानें ती धरावी आणि आंत व वर असे पांच झटके द्यावे. आळीपाळीनें चालू ठेवावें, दुसऱ्या कोणीं तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घांस दिसत नसतां तोंडांत बोट घालूं नये. तो आणखी आंत जातो. गर्भिणीस आणि तान्ह्यास ही पोटावरची रीत नव्हे.

गोळ्यांविषयीं पुष्कळ भगिनी विचारतात. सगळ्या गोळ्या कुटून चालत नाहीं. कित्येक हळूहळू विरघळण्यासाठीं केलेल्या असतात, त्या फोडल्या तर सारें औषध एकदम अंगांत जातें. दुकानदारास किंवा डॉक्टरास विचारून, कुटण्याजोगी असेल तीच कुटून घट्ट दह्यांत किंवा केळ्यांत द्यावी. पाण्याच्या पेल्याबरोबर नको.

नाकांतून नळी घातलेल्या रुग्णाच्या घरीं दोन चुका होतात. नळीनें अन्न देतांनाहि डोकें तीस अंशांहून अधिक उंच ठेवावें लागतें, तें ठेवीत नाहींत. आणि तोंडानें खात नाहींत म्हणून तोंड साफ करणें सोडून देतात. नळी लाळेस अडवीत नाहीं. शिवाय चवीची भूक नळीनें भागत नाहीं. पाडव्याच्या दिवशीं घरभर श्रीखंडाचा वास सुटलेला असतो आणि आजी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असतात. श्रीखंड चाटवूं का, हें तज्ज्ञास विचारतां येतें. कांहीं रुग्णांस तशी परवानगी मिळते. मग आधीं तोंड स्वच्छ करावें, ताठ बसवावें, चमच्याच्या टोंकावर घेऊन जिभेवर लावावें, आणि गिळून झाल्यावर "आऽ" म्हणावयास सांगावें.